फुले येतात, मग फळ का धरत नाही?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आता एडिंबरात राहतो. घरामागे छोटीशी बाग आहे. दोन वर्षे झुकिनी लावते आहे. पाने भली मोठी होतात, फुलेही येतात. पण फुलामागचे बोटाएवढे फळ पिवळे पडते, टोकाकडून मऊ होते आणि गळून जाते. शेजारी म्हणतात, इथल्या थंडीत हे चालायचेच. सासूबाईंनी गावाहून दिलेले लाल भोपळ्याचे बीसुद्धा लावले होते. वेल कुंपणापलीकडे गेला, पण ऑक्टोबरात गारठ्याने काळा पडेपर्यंत एकही भोपळा लागला नाही. खत कमी पडले का? की या भाज्या इथे होतच नाहीत?
— एक वाचक भगिनी, एडिंबरा (स्कॉटलंड)

उत्तर : खत कमी पडलेले नाही, भली मोठी पाने हाच त्याचा पुरावा. झुकिनी, म्हणजे तिकडे कोर्जेट नावाने विकतात तीच, स्कॉटलंडमध्ये नक्की होते. लाल भोपळ्याचे दुखणे वेगळे आहे, त्याकडे नंतर वळू.

तुमच्या झाडावरून जे गळते आहे, ते खरे तर अजून फळ झालेलेच नाही. भोपळावर्गात नरफूल आणि मादीफूल वेगळे असते, एकाच झाडावर. नरफूल लांब, बारीक, सरळ देठावर उभे असते. मादीफुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या खाली चिमुकली झुकिनी फूल उमलण्याआधीपासूनच तयार असते. हा त्या फुलाचा बीजांडकोश. पराग मिळाले तर तो फुगतो. न मिळाले तर झाड दोन-चार दिवसांत त्याचा नाद सोडते: तो पिवळा पडतो, कोमेजलेल्या ओल्या पाकळ्यांवर बुरशी बसते आणि सड टोकाकडून सुरू होते. लोक या सडीलाच रोग समजून औषध मारत बसतात. औषधाचा इथे काही उपयोग नाही. अडले आहे ते परागीभवन.

ते का अडते? झुकिनीचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, पुन्हा उघडत नाही. जूनमध्ये एडिंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो, पण हवेत तेव्हा जेमतेम दहा-अकरा अंश असतात. मधमाश्या साधारण बारा अंशांखाली पोळ्याबाहेर पडायला राजी नसतात, पाऊस असला तर नाहीच. झुकिनीचे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. म्हणजे गार, भुरभुर पावसाची सकाळ गेली की त्या दिवशीचे मादीफूल वाया गेले. ब्रिटनमध्ये हे काम बरेचसे करतो तो केसाळ, गोलमटोल भुंगा. तो उडण्याचे स्नायू थरथरवून स्वतःचे अंग तापवू शकतो, म्हणून मधमाशीच्या आधी कामाला लागतो. त्याच्यासाठी बागेच्या कडेला बोरेज किंवा लॅव्हेंडर लावा, आणि कीटकनाशकाची बाटली घरात आणूच नका.

तरीही भुंग्यावर सगळे सोपवू नका. हाताने परागीभवन करणे दोन मिनिटांचे काम आहे आणि थंड प्रदेशातल्या बागायतदाराने ते शिकायलाच हवे. गावाकडे दुधीला किंवा दोडक्याला संध्याकाळी हात लावलेला तुम्ही पाहिला असेल. त्यांची फुले संध्याकाळी उमलतात. झुकिनीला ती वेळ चालत नाही. सकाळी, फूल पूर्ण उघडल्यावर बागेत जा. त्याच सकाळी उमललेले नरफूल देठासकट खुडा. पाकळ्या सोलून काढा, की मध्ये एक पिवळा दांडा उरतो. त्याला बोट लावून पाहा. बोटावर हळदीसारखी पूड उमटली तर पराग तयार आहेत. दवाने किंवा पावसाने दांडा ओला असेल तर ती पूड उमटत नाही, तेव्हा दुसरे फूल शोधा. आता मादीफुलात पाहा. मध्यभागी जाड, खडबडीत कुक्षी असते, तिचे तीन भाग दिसतात आणि प्रत्येकाला मध्ये खाच असते. नरफुलाचा दांडा या तिन्ही भागांवर हलकेच फिरवा. एकाच भागाला पराग लागले तर फळ वाकडे होते किंवा टोकाला निमुळते राहते, कारण आत शंभराहून जास्त बिया धरायच्या असतात आणि प्रत्येक बीला स्वतंत्र परागकण लागतो. वाकडी झुकिनी दिसली की समजावे, परागीभवन अर्धेच झाले.

आता तुम्ही म्हणाल, पण माझ्या झाडावर नरफुलेच नव्हती. जूनअखेरीस हे अगदी शक्य आहे. आपल्याकडे वेलावर आधी नरफुलांची रांग लागते आणि मादीफुलाची वाट पाहावी लागते. झुकिनीत उष्णता नरफुले वाढवते, तर थंड रात्री मादीफुलांकडे कल झुकवतात. म्हणून स्कॉटलंडमध्ये कोवळ्या झाडावर पहिली दोन-चार फुले मादीच येतात आणि त्यांना जोडीदार नसतो. ही पहिली गळ मनाला लावून घेऊ नका. एकच झाड लावण्याऐवजी तीन लावा, म्हणजे कुणा ना कुणावर त्या दिवशी नरफूल सापडते. पुढे नरफुले जास्त झाली की त्यांची भजी करा. आतला परागदांडा काढून टाकायचा, बाकी आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांसारखेच.

ज्यांना रोज सकाळी उठून हे करणे जमणार नाही, त्यांच्यासाठी परागांशिवाय फळ धरणाऱ्या जाती निघाल्या आहेत. ‘पार्थेनॉन’ आणि ‘काव्हिली’ या त्यांपैकी दोन. गार उन्हाळ्याच्या प्रदेशात अशी एक जात बागेत असावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. बी महाग पडते, पण कुटुंबाला तीन-चार दाणे पुष्कळ होतात.

हे झाले फुलाचे. पण मुळाशी प्रश्न ऊबेचा आहे, आणि तो नीट समजला की बाकीचे निर्णय आपोआप सुचतात. एडिंबरात जुलैचे सरासरी कमाल तापमान १९ अंशांच्या आसपास, किमान ११. पुण्यात जुलैतली रात्रही २२ अंशांखाली फारशी जात नाही. म्हणजे तुमची भर उन्हाळ्यातली दुपार ही पुण्याच्या पावसाळी रात्रीपेक्षा थंड! भोपळावर्गाचे झाड दहा अंशांखाली वाढ थांबवते आणि हिमकण पडले की एका रात्रीत जाते. उजेड तुमच्याकडे भरपूर आहे, जूनमध्ये साडेसतरा तासांचा दिवस. तुटवडा आहे तो मातीतल्या उष्णतेचा. म्हणून बागेतले प्रत्येक काम ‘याने माती तापेल का?’ असे विचारून करा.

बी उघड्यावर पेरू नका. मातीचे तापमान १५ अंशांखाली असेल तर ते उगवण्याआधीच कुजते. एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला घरात, वीसेक अंशांत, लहान कुंड्यांत एकेक दाणा कडेवर उभा करून दोन-अडीच सेंटिमीटर खोल लावा. रोपाला तीन-चार पाने आली की आठ-दहा दिवस दिवसा बाहेर आणि रात्री आत, असे करत त्याला वाऱ्याची सवय लावा. ही पायरी गाळली तर पाने पांढरी पडतात आणि रोप दोन आठवडे मागे जाते. जमिनीत लावायचे ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याआधी नको. मेमध्ये घाईने लावलेले रोप गारठून मुकाट बसते आणि जूनमध्ये लावलेले त्याच्या पुढे निघून जाते. मुळे दुखावलेली या झाडाला खपत नाहीत, म्हणून कुंडीतला मातीचा गड्डा न फोडता ठेवा.

जागा निवडताना दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत पाहा. एडिंबरातल्या जुन्या घरांच्या वालुकाश्माच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती ऊब परत देतात. अशा भिंतीपासून हातभर अंतरावर लावलेली झुकिनी मोकळ्या वाफ्यातल्या झुकिनीहून आधी फळ देते. वाऱ्यालाही भिंतीचा आडोसा होतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे, कारण झुकिनीच्या पानाचा देठ पोकळ असतो, पटकन मोडतो. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरलेला तुम्ही साताऱ्याच्या असल्याने पाहिलाच असेल. तसेच काळे प्लास्टिक लागवडीच्या दोन आठवडे आधी वाफ्यावर ताणून ठेवा आणि रोप त्यातल्या भोकातून लावा. वरून पांढऱ्या हलक्या कापडाचे आच्छादन घाला. आपल्याकडे कलिंगडवाले शेतकरी ज्याला क्रॉप कव्हर म्हणतात, तिकडे तेच फ्लीस नावाने मिळते. फुले आली की मात्र ते काढायचे, नाहीतर भुंगे आत कसे जाणार?

आणि खड्ड्यात खाली अर्धवट कुजलेले खत भरा, वर वीतभर चांगली माती. कुजताना ते ऊब देते. ब्रिटनमधले जुने माळी घोड्याच्या ताज्या लिदीचा ढीग रचून त्याच्या उष्णतेवर काकड्या आणि खरबुजे पिकवत असत. आपल्याकडे उकिरड्यावर आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल सगळ्यांत जोमदार असतो, त्यामागे अन्नाबरोबर या उबेचाही वाटा असू शकतो. तुमच्याकडे कंपोस्टचा ढीग असेल तर एक रोप सरळ त्याच्या माथ्यावर लावून पाहा. फळे धरू लागली की नत्र थांबवून पालाशचे प्रमाण जास्त असलेले, टोमॅटोसाठी विकतात ते द्रवखत दहा-पंधरा दिवसांनी द्या.

एका शत्रूची नोंद करतो: शेंबडी गोगलगाय. स्कॉटलंडच्या ओलाव्यात ती एका रात्रीत रोप जमिनीसरसे खाऊन टाकते. रोपे थोडी मोठी करूनच बाहेर न्या आणि पहिले दोन आठवडे अंधार पडल्यावर विजेरी घेऊन वेचणी करा. इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

फळ दहा ते पंधरा सेंटिमीटरचे झाले की कापा, मोठे होण्याची वाट पाहू नका. आतल्या बिया पक्क्या होऊ लागल्या की झाडाला वाटते काम झाले आणि नवी फुले कमी होतात. ऑगस्टमध्ये एक दिवसाआड फेरी मारावी लागेल. कोवळ्या झुकिनीची पीठ पेरून भाजी फार छान होते. नजरेआड राहून हातभर वाढलेली किसून थालिपिठाला वापरा.

आता लाल भोपळा. सासूबाईंचे बी उत्तम असणार यात शंका नाही, पण ते त्या आकाशाखालचे नाही. भोपळ्याच्या मुख्य जाती तीन. झुकिनी ‘कुकुर्बिटा पेपो’ची, मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात गिला नाकित्स नावाच्या गुहेत या जातीच्या सुमारे दहा हजार वर्षे जुन्या बिया सापडल्या आहेत. आपला लाल भोपळा बहुतेक ठिकाणी ‘मोस्चाटा’ जातीचा, उष्ण आणि दमट हवेत रुळलेला. तिसरी ‘मॅक्सिमा’, हिचे मूळ दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना-उरुग्वेच्या समशीतोष्ण पट्ट्यात. उष्ण कटिबंधातल्या अनेक मोस्चाटा वाणांना फुलायला लहान दिवस लागतात. साताऱ्यात सर्वांत मोठा दिवससुद्धा साधारण सव्वातेरा तासांचा. तुमच्याकडे साडेसतरा तासांच्या उजेडात तो वेल पानेच पाने काढत राहतो, आणि दिवस आखूड होऊन त्याला फुलावेसे वाटते तोवर गारठा दाराशी येतो. त्या वेलाचे काही चुकले नाही आणि तुमचेही नाही.

तेव्हा तिथे लावायचा तो मॅक्सिमा जातीचा, लवकर येणारा भोपळा. जपानी ‘उचिकी कुरी’ माझ्या पहिल्या पसंतीचा: केशरी, दीड-एक किलोचा, आतून घट्ट आणि गोड. घारगे करायला आपल्या भोपळ्याइतकाच चांगला, किंबहुना पाणी कमी असल्याने गूळ घातल्यावर पीठ सैल होत नाही. एका वेलावर दोन-तीनच फळे ठेवा आणि ऑगस्टच्या मध्यावर शेंडे खुडा, म्हणजे ताकद फळाकडे जाईल. दुकानात सगळीकडे दिसणारा बटरनट हाही मोस्चाटाच, तो एडिंबरात उघड्यावर क्वचितच पिकतो. पहिल्या हिमकणांआधी भोपळे देठासकट कापून आठ-दहा दिवस घरात उबदार, कोरड्या जागी ठेवा, साल टणक होते आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. आणखी एक: परदेशातून पेरणीचे बी नेताना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. पुढच्या वेळी सासूबाईंकडून घारग्यांचे प्रमाण मागवा, बी तिकडचेच घ्या.

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो. गेल्या वर्षीच्या झुकिनीचे बी धरून लावले तर चालेल का? शेजारच्या बागेत शोभेचे रंगीत छोटे भोपळे आहेत.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : नका लावू. हे मी जोर देऊन सांगतो आहे, कारण प्रश्न जिवाचा आहे. शोभेचे ते भोपळे आणि झुकिनी दोन्ही पेपो जातीची, भुंगा एकाचे पराग दुसऱ्याला सहज पोचवतो. त्या वर्षीच्या फळाच्या चवीत फरक पडत नाही. संकर होतो तो आतल्या बियांचा. ते बी पुढच्या वर्षी लावले की फळात क्युकुर्बिटासिन नावाचे कडू विष येऊ शकते. रानटी भोपळ्यांचे ते संरक्षण आहे, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खाण्याच्या जातींतून घालवलेले. शिजवून ते जात नाही. २०१५ साली जर्मनीतच, हायडेनहाइमला, घरगुती बागेत पिकलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत, तेही याच कुळातल्या विषाने.

कारले आवडीने खाणाऱ्या आपल्या घरांत ‘थोडे कडू आहे, चालेल’ म्हणण्याची सवय असते. झुकिनी, दुधी, भोपळा यांच्याबाबत ती सवय सोडा. चिरताना कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ टाका; त्या झाडाची बाकीची फळेही टाका. दरवर्षी नवे, बंद पाकिटातले बी घ्या. बी धरायचीच हौस असेल तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी दोऱ्याने बांधून, सकाळी हाताने पराग लावून पुन्हा बांधावी लागते, आणि तेही संकरित नसलेल्या वाणावर.

प्रश्न : पाचगणीला आमचे घर आहे. इथेही थंडी असते. झुकिनी होईल का? लावली तर पानांवर भुरी फार येते असे ऐकले.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाचगणीची अडचण थंडी नव्हे, पाऊस. जून ते सप्टेंबर नाद सोडा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लावा, डिसेंबरच्या आत फळे निघतात. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तशी एखादी रात्र सखल, उघड्या जागी झाडाला बाधू शकते. त्या रात्री कापड घाला.

भुरी येणारच. दिवस कोरडे आणि रात्री दवाच्या असल्या की ती हमखास येते. झाडे हात-दीड हात अंतरावर दाटीने लावू नका, मीटरभर तरी मोकळीक द्या. पाणी बुंध्याशी, पानांवर नाही. खालची पांढरी झालेली जुनी पाने काढून टाका. आणि दुधाची फवारणी करून पाहा. ब्राझीलचे संशोधक वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवरच गाईच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात दहा टक्के आणि त्याहून अधिक प्रमाणाच्या फवारणीने भुरी चांगली आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, ऊन असताना, भुरीचा पहिला ठिपका दिसताच. सगळे पान पांढरे झाल्यावर फवारून उपयोग होत नाही.